परड्यातला कोबा काढून जांभा बसवला: फेब्रुवारी ते जुलैची गोष्ट

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी जवळजवळ तीन महिने काढलीच नाही. दार उघडलं की उंबऱ्याशी पाणी. परड्यात सगळीकडे सिमेंटचा कोबा होता, माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचा. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा कोबा दर वर्षी थोडा थोडा फोडते. आमच्या कोब्याचे तसेच सात-आठ तुकडे होऊन त्यातले घराकडचे खचले होते. पाणी मागच्या गटाराकडे जायचं सोडून भिंतीकडे यायचं. गणपतीच्या आधी ओट्यामागच्या भिंतीला हात लावला तर पोपडा हातात आला. तेव्हा ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी हे करायचंच.

मी शाळेत शिकवते, नवरा शिरोलीला फाउंड्रीत शिफ्टमध्ये. बांधकामातलं दोघांनाही काही कळत नाही. घर कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत, परडं सव्वीस फूट बाय अठरा फूट. ही नोंद लिहितेय ती माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना ‘नक्की सुरुवात कुठून करायची’ हाच प्रश्न पडलेला असतो. मला जानेवारीभर तोच पडला होता.

तीन ठिकाणी विचारलं. एकाने जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालतो म्हणून सांगितलं, दीड दिवसाचं काम. दुसऱ्याने पेव्हर ब्लॉक, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. तिसरे गवंडीमामा शेजारच्या काकूंच्या ओळखीतले. त्यांनी दर सांगितलाच नाही. दोन बादल्या पाणी मागितलं, एक दाराशी ओतलं, एक आंब्याच्या बुंध्याशी, आणि उकिडवे बसून बघत राहिले. “ताई, आदी पाणी कुटं जातंय ते बगू, मग फरशीचं बोलू,” म्हणाले. काम त्यांनाच द्यायचं हे माझ्या मनात तिथेच पक्कं झालं. कुणाला काम द्यायचं याचा घोळ तुमचाही होत असेल, तर त्यांच्यासमोर पाणी ओतून बघा. जो पाण्याकडे बघतो तो माणूस धरून ठेवा.

जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाचा, हट्ट माझा. माझं आजोळ कणकवलीकडचं. तिथल्या अंगणातला जांभा पाणी पितो, हे लहानपणापासून बघितलेलं. आत बारीक भोकं असतात, खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वाऱ्यावर राहिला की टणक होतो. सिमेंट न वापरता, वाळूत किंवा कचेत (खडी फोडताना पडणाऱ्या बारीक चुऱ्यात) बसवला तर सांध्यांतूनही पाणी खाली जातं. मामांनी जांभ्याला होकार दिला, पण दोन गोष्टी बजावल्या: शेवाळ धरणार, आणि उताराशिवाय तोही उपयोगाचा नाही.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं एकच म्हणणं होतं. “मी कुटं बसू मग? माझी बसायची जागा ठेवा म्हंजे झालं.” म्हणून नकाशात तुळशीजवळ एक कट्टा आला.

पहिलं काम कागदाचं निघालं. आंब्याच्या दोन जाड फांद्या पार भिंतीवर आल्या होत्या आणि त्यांचा पाला पन्हळीत साचायचा. झाड आपलं, आवार आपलं, तरी फांद्या तोडायला परवानगी लागते, हे मला माहीत नव्हतं. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि खासगी आवारातली झाडंही त्यात येतात. सोमवारी, २६ फेब्रुवारीला शाळेतून अर्धी रजा टाकून अर्ज दिला. सोबत चालू वर्षाची घरफाळ्याची पावती, झाडाचे तीन फोटो आणि कुठली फांदी, किती जाडीची, का, हे एका कागदावर. फोटोत मी फांद्यांना लाल चिंधी बांधली होती. त्याचा फायदा झाला, पाहणीला आलेल्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पाहणी १४ मार्चला झाली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळीकडची माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली, त्यामुळे पत्र हातात आलं ५ एप्रिलला. म्हणजे एकूण एकोणचाळीस दिवस. तेवढे दिवस हाताशी धरूनच पुढचं ठरवा. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या, पुन्हा विचारायला गेल्यावर तोच नंबर विचारतात. छाटणीची मजुरी साडेतीन हजार गेली.

पत्राची वाट बघण्याच्या काळात आम्ही दगड बघायला कोकणात गेलो. रविवार, १७ मार्च. कोल्हापुरातही जांभा मिळतो, पण गाडीभाडं आणि दलाली मिळून दर वाढतो. शिवाय मला हाताने दगड निवडायचा होता. वैभववाडी आणि कणकवलीच्या मधली एक चिरेखाण (जांभ्याचे चौकोनी दगड, म्हणजे चिरे, काढायची खाण) माझ्या मामेभावाने सुचवली होती. खाणवाल्यांनी मोबाईलवर लोकेशन पाठवलं, आणि आमच्या घरात जुनाच वाद नव्याने सुरू झाला: गाडीतला नकाशा की फोन?

आमच्या गाडीत कंपनीने बसवलेलं नेव्हिगेशन आहे. नकाशा एका कार्डवर साठवलेला, घेतल्यापासून नवा केलेला नाही. माझा दादा म्हणतो, फोन खिशात असताना हे पडद्याचं सोंग कशाला. नवऱ्याचं मत उलटं, फोन तापतो, चार्जिंग संपतं, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. मी चालवणारी. मला एवढंच हवं होतं की डोळे रस्त्यावरून फार वेळ हलायला नकोत. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे की गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता शोधायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित न होता. म्हणून फोन मी दादाच्या हातात दिला आणि पडदा माझ्यासमोर ठेवला.

गाडीच्या पडद्यावर खाणीचं नाव शोधून सापडणं शक्यच नव्हतं. पण त्यात अक्षांश-रेखांश टाकता येतात. आदल्या संध्याकाळी मुलीने ते टाकायला घेतले. ती नववीत. फोन आकडे दशांशात देतो, आमचा पडदा अंश आणि मिनिटं मागतो. मी ‘१६.४५’ वाचून सोळा अंश पंचेचाळीस मिनिटं सांगून टाकलं. ती थांबली. “आई, पॉइंट पंचेचाळीस गुणिले साठ. सत्तावीस मिनिटं होतात.” अठरा मिनिटांचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ तेहतीस किलोमीटर! आमच्या आधी ही चूक कुणीतरी केली असेलच, म्हणून मुद्दाम लिहिते: दशांशानंतरचा भाग साठने गुणा, मगच मिनिटांच्या जागी घाला.

सकाळी सहाला निघालो. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण. गगनबावड्यापर्यंत साधारण पंचावन्न किलोमीटर, रस्ता ओळखीचा, कुणाला काही विचारायची गरज नाही. पुढे खरी गंमत. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून रुंदीकरणासाठी बंद होता. गाडीच्या कार्डला हे कळणार कुठून? पडदा ठामपणे करूळकडेच बोट दाखवत होता. दादाच्या फोनवर बंद असल्याची खूण होती. तरीही आम्ही गगनबावड्यात चहाला थांबलो आणि टपरीवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “लहान गाडी हाय न्हवं? मग भुईबावड्यानं जावा, पण हॉर्न देत जावा.” तिथवर फोनची बाजू वर होती.

भुईबावडा घाटात चौथ्या-पाचव्या वळणावर फोनची रेंज गेली. दादाने नकाशा आधी उतरवून ठेवला नव्हता. निळा ठिपका तेवढा हलत होता, आजूबाजूला सगळं राखाडी. दादा म्हणाला, “जीपीएस गेलं.” गेलं नव्हतं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरतात आणि फोन किंवा गाडी त्यांचे संदेश फक्त ऐकत असते. त्याला मोबाईलचा टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र आणि रहदारीची माहिती आणायला. म्हणून ठिपका बरोबर जागी होता, त्याच्याखालचा कागद मात्र कोरा. गाडीत तो कागद कार्डवर होता. पडदा पहिली दहा मिनिटं ‘मागे वळा’ सांगत राहिला, मग त्याने आपणहून भुईबावड्याचा रस्ता धरला, आणि पुढचं वळण डावीकडे किती तीव्र आहे ते मला कडा दिसायच्या आधी दिसायला लागलं. अरुंद घाट, समोरून एसटी. त्या पाऊण तासात मला त्या जुन्या पडद्याचा फार आधार वाटला. हात घामेजले होते, हे दादाला नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून आमचं असं ठरलंय. निघायच्या आधी आणि शहरात फोन, कारण काय बंद आहे, कुठे गर्दी आहे, ते त्याला कळतं. घाटात गाडीचा पडदा. आणि ज्यांच्या गाडीत पडदा नाही त्यांनी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. तो काही मिनिटांत उतरतो आणि रेंज गेली तरी रस्ते दिसत राहतात. फोन काचेला लावायचा तर उन्हाच्या बाजूला नको. मार्चच्या उन्हात आमचा एकदा तापून बंद पडला. लांबच्या वाटेवर मी तो एसीच्या जाळीसमोर ठेवते.

खाणीचा शेवटचा दीड किलोमीटर दोन्हींवर नव्हता. लाल धुळीचा कच्चा रस्ता, पडद्यावर रिकाम्या जागेत बाण आणि ‘इतके मीटर बाकी’. तेवढं पुरलं.

खाणीत दगड निवडताना मामांनी सांगितलेल्या तीनच गोष्टी केल्या. हाताच्या बोटाने टोकरला तर भुगा पडतो का बघायचं. पिवळट-पांढरे चिकणमातीचे पट्टे असलेला घ्यायचा नाही. आणि पाण्याची बाटली वर ओतून पाणी किती वेळात आत जातं ते बघायचं. चांगल्या दगडावर पाणी थबकत नाही. जमिनीसाठी चिरे मशीनवर कापून अडीच इंच जाडीच्या लाद्या करून देतात. तीनशे चौरस फूट लागणार होत्या, तुटफूट धरून तीनशे तीस सांगितल्या, सत्तर रुपये फुटाने तेवीस हजार शंभर. कट्ट्यासाठी आणि वाफ्यांच्या कडांसाठी अख्खे चिरे एकशे साठ, बेचाळीस रुपये नग, सहा हजार सातशे वीस. एक चिरा तीस किलोच्या पुढे भरतो, म्हणजे सगळा माल नऊ टनांच्या आसपास. टेम्पोत मावेल हा माझा समज तिथेच मोडला. ट्रकचं भाडं चौदा हजार ठरलं. घाट बंद असल्याने ट्रक फोंडा घाटाने, राधानगरीमार्गे येणार होता.

पाडवा झाल्यावर, ११ एप्रिलला काम सुरू झालं. दोन दिवस ब्रेकर, सहा हजार रुपये. धूळ इतकी की शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर चादर टाकायला धावलो. (आदल्या दिवशी दोन्ही शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मी एकालाच सांगितलं होतं.) फुटलेला कोबा बाहेर टाकायला गाडी सांगणार होते, तर मामांनी थांबवलं. बांधकामाचा राडारोडा रस्त्याकडेला टाकता येत नाहीच, २०१६ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. पण आमच्याकडे टाकायचा राहिलाच नाही. मोठे तुकडे शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यात, गेले, बाकीचे बारीक करून जमिनीखाली सोलिंगला, म्हणजे तळाच्या दगडी थराला.

शोषखड्डा घरापासून बारा फुटांवर, चार बाय चार. किती खोल, याला मामांचं उत्तर होतं, “काळी माती संपंपर्यंत.” ती साडेचार फुटांवर संपली आणि पिवळट मुरूम लागला. त्यात आणखी फूटभर गेलो. काळ्या मातीत पाणी फार हळू जिरतं, म्हणून खड्डा मुरमाला टेकला नाही तर तो नुसता हौद होतो. मामांनी तो पाण्याने भरला आणि संध्याकाळी सहाची खूण भिंतीवर केली. सकाळी सहाला खड्डा रिकामा. मग तुकडे, वर खडी, वर जाळी, वर फरशीचं झाकण. खुदाईसह साडेनऊ हजार.

२३ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. मामा आणि त्यांचा बिगारी दोघंही सासनकाठीबरोबर जाणारे. २१ ते २५ काम बंद. मला ते आधी माहीत होतं, म्हणून चिडचिड झाली नाही. मामांनी परत आल्यावर परड्याच्या चारी कोपऱ्यांत थोडा गुलाल टाकला आणि आत्यांना खोबऱ्याची वाटी दिली.

ट्रक आला शनिवारी, २७ एप्रिलला पहाटे पावणेसहाला. ड्रायव्हरदादांचा फोन, “ताई, लोकेशनवर पोचलोय, पण इथं गेट न्हाई, भिंत हाय.” मी गॅलरीत धावले, आमच्या दारात ट्रक नाही. झालं असं होतं की आदल्या रात्री मी परड्यात उभी राहून, दगड कुठे उतरवायचे ते बघत बघत लोकेशन पाठवलं होतं. नकाशा त्या ठिकाणाला सगळ्यात जवळचा रस्ता धरतो. परड्याला जवळचा रस्ता म्हणजे मागची बोळ. तिच्यात दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, वर विजेच्या तारा, आणि आमची सहा फुटांची आवारभिंत. नऊ टन भरलेला सहाचाकी ट्रक मागे घ्यायला पस्तीस मिनिटं लागली. दुचाक्या हलवायला पाच-सहा घरांतली माणसं झोपेतून उठून आली. कुणी वाकडं बोललं नाही, पण मला मान वर करवत नव्हती. संध्याकाळी त्या सगळ्या घरी गूळपोळी देऊन आले. मोठी गाडी बोलावणार असाल तर जिथे ती थांबायला हवी त्या गेटासमोर, रस्त्यावर उभं राहून लोकेशन पाठवा. आणि ड्रायव्हरला फोनवर ओळखीच्या चौकापासूनच्या खुणाही सांगा.

माल उतरवायच्या आधी ड्रायव्हरदादांकडून गौण खनिजाच्या वाहतूक पासची प्रत मागून घेतली. त्यावर गाडीचा नंबर, किती माल, कुठून कुठे, आणि मुदतीची वेळ असते. ती प्रत बिलाला जोडून ठेवली आहे. हमाली तीन हजार. अकरा लाद्या फुटलेल्या निघाल्या. तीस जास्तीच्या घेतल्या होत्या म्हणून काही अडलं नाही.

मग खरं काम. चार इंच मुरूम अंथरून पाणी मारून धुम्मस केली, म्हणजे ठोकून घट्ट बसवला, एक ब्रास (शंभर घनफूट), बत्तीसशे रुपये. वर दीड इंच क्रशरची कच, अर्धा ब्रास, अठ्ठावीसशे. उताराचा हिशेब मला मामांनी वहीत काढून दाखवला. ऐंशीला एक. अठरा फूट म्हणजे दोनशे सोळा इंच, भागिले ऐंशी, पावणेतीन इंच. म्हणजे दारापासून मागच्या कडेपर्यंत जमीन पावणेतीन इंच खाली जायला हवी. चालताना तो उतार कळतही नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी एका टोकाला मुलीने धरायची, दुसऱ्या टोकाला मामा, आणि दोन्हीकडचं पाणी जिथे स्थिरावेल तिथे खूण. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मुलगी रोज नळी धरायला आधी हजर. लाद्या दोरीत, रबरी हातोडीने ठोकत, मध्ये बोटभर सांधा सोडून. सांध्यांत बारीक कच भरून झाडूने लोटायची. सिमेंट कुठेही नाही.

६ आणि ७ मेला मी घरात नव्हते. मला निवडणुकीची ड्युटी होती, ७ ला कोल्हापूरचं मतदान. सहा तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, परत यायला सात तारखेची मध्यरात्र. मामा मतदान करून दुपारी कामाला आले होते. घरात आत्या एकट्या. त्या दिवशी दारासमोरच्या चार ओळी बसल्या. आत्यांनी उंबरा फार खाली वाटतो म्हणून सांगितलं आणि मामांनी त्यांचं ऐकून त्या ओळी थोड्या उचलल्या. दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, मी तिथे असते तर मीही तेच सांगितलं असतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी वळीव आला. आम्ही सगळे दारात उभे. पाणी मागच्या कडेकडे सुरेख निघालं, वाफ्यात शिरलं, शोषखड्ड्याच्या जाळीवर खळखळायला लागलं. आणि उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात, नेमकं जुन्या जागी, ताटाएवढं डबकं उभं राहिलं. उचललेल्या ओळींनी मागे एक खोलगट कोपरा तयार केला होता. मला रडू आलं. इतके दिवस, इतका खर्च, आणि पाणी पुन्हा भिंतीशी! मामा भिजत आले, नळी मागितली, कोपरा मोजला. अर्धा इंच. दुसऱ्या दिवशी छत्तीस लाद्या काढून कच खरवडून पुन्हा बसवल्या. सिमेंटात बसवल्या असत्या तर त्या फोडाव्या लागल्या असत्या. इथे एकही फुटली नाही. मामांनी त्या दिवसाची हजेरी घ्यायला नकार दिला, आम्ही ती दिली. हजेरी गवंड्याची हजार आणि बिगाऱ्याची सहाशे, एकोणीस दिवसांचे तीस हजार चारशे. तुमचं काम एप्रिल-मेमध्ये होत असेल तर शेवटचे पैसे वळवाचा एक पाऊस बघून द्या. पाऊस नाही आला तर पाइपने पाऊण तास पाणी सोडा, आणि पायऱ्या, उंबरे, कोपरे असे अडचणीचे ठिकाण आधी बघा.

झाडांचं थोडक्यात. मृगाचा पाऊस पडल्यावर जूनमध्ये लावली. मागच्या कडेला, जिथे ओल जास्त, कर्दळ आणि सोनटक्का. दाराजवळ कढीपत्ता आणि गवती चहा. कट्ट्यामागे अनंत. पारिजातक मला भिंतीलगत हवा होता, पण मुळं आणि पाला यांचा विचार करून दूर लावला. माती, शेणखत, रोपं मिळून चोपन्नशे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली. आमच्या घराला पुराचं पाणी लागत नाही, पण पाऊस सहा दिवस थांबला नव्हता. चौथ्या दिवशी शोषखड्डा तुडुंब भरला, कारण खालचा मुरूमच पाण्याने भरला होता. मामांनी खड्ड्याच्या वरच्या कडेला एक चार इंची पाइप काढून तो मागच्या गटाराला जोडून ठेवला होता. मी त्या वेळी आठशे रुपयांसाठी कुरकुर केली होती (ते साडेनऊ हजारांतच आले). त्या पाइपातून पाणी निघून गेलं. स्वयंपाकघराची भिंत मी रोज सकाळी हाताने चाचपून बघत होते. कोरडी.

सगळा खर्च, कोकणच्या फेरीचं एकोणीसशेचं पेट्रोल धरून, एक लाख नऊ हजार पाचशे वीस. ठरवताना पंच्याऐंशी हजार धरले होते. फरक पडला तो ट्रकच्या भाड्याने आणि मजुरीच्या वाढलेल्या दिवसांनी. पेव्हर ब्लॉकच्या दुपटीहून जास्त खर्च आहे हा. हात आखडता असेल तर पेव्हरही चालतील, पण शोषखड्डा आणि उतार यांत काटकसर करू नका.

शेवाळ मामांनी सांगितलं तसं आलंच. ऑगस्टपासून दर रविवारी मी आणि मुलगी काथ्याच्या खरखरीत ब्रशने चालण्याची पट्टी घासतो, बाकीचं हिरवं तसंच राहू देतो. आत्यांसाठी दारापासून कट्ट्यापर्यंत भिंतीला एक लोखंडी कठडा बसवून घेतला. त्या आता सकाळी तिथेच भाजी निवडत बसतात. उरलेल्या एकोणीस लाद्या कट्ट्यामागे भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, पावसात भिजतील अशा. नव्याचा लाल रंग जुन्याशी जुळत नाही, म्हणून दोन्ही सोबतच जुन्या होऊ देत, असं मामा म्हणाले.